या चुलीचा धूर कुठे जातो?





हिवाळी अंकासाठी मी दरवर्षी वसतिगृहाची बातमी लिहिते. मुलींच्या परीक्षा, नाताळचा कार्यक्रम, तुम्ही पाठवलेली पांघरुणे आणि स्वेटर, असे त्यात असते. या वेळी मात्र मी गॅसच्या गिझरविषयी लिहिणार आहे. विषय थोडा वेगळा वाटेल, पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे, आणि तुमच्याच प्रेमामुळे तो आमच्याकडेही आला. त्याच्यामुळे आमच्या दोन मुली दगावता दगावता वाचल्या. ही गोष्ट मी चार वर्षे मोजक्याच लोकांना सांगितली होती. ती सगळ्यांना सांगायला हवी, असे आता वाटते.

आमचे वसतिगृह नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे हाडे गोठवणारी थंडी असते. पूर्वी आम्ही तांब्याच्या मोठ्या बंबात पाणी तापवायचो. जळण आणायला मुलींना शाळेआधी रानात जावे लागे, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांनी सगळ्यांचे डोळे चुरचुरत. हे एका मंडळीच्या कानावर गेले आणि त्यांनी नाताळची भेट म्हणून दोन गॅस गिझर पाठवले. त्या दिवशी मुलींनी टाळ्या वाजवल्या. कळ फिरवली की गरम पाणी! बसवणाऱ्याने दोन न्हाणीघरांत भिंतीवर दोन गिझर टांगले, नळ्या जोडल्या आणि तो निघून गेला. काय राहून गेले, हे त्यालाही कळले नाही आणि मलाही नाही.

जानेवारीत काही मुली तक्रार करू लागल्या. "सिस्टर, डोकं दुखतं." "सिस्टर, मळमळतं." मी परिचारिका आहे. मला वाटले, पहाटे उपाशीपोटी अंघोळ करतात, पित्त होत असेल. मी पॅरासिटामॉलची गोळी दिली, अंघोळीआधी एकेक बिस्किट द्यायला सांगितले. तासाभरात त्या बऱ्या व्हायच्या, म्हणून मीही निश्चिंत झाले. कोणाला ताप नव्हता आणि डोके फक्त सकाळी, अंघोळीनंतरच दुखत होते, या दोन गोष्टी माझ्या लक्षात यायला हव्या होत्या.

त्याच आठवड्यात थंडी वाढली. न्हाणीघराच्या झरोक्यातून वारा येतो म्हणून मुली कुडकुडत होत्या. मीच शिडी लावून त्या झरोक्यावर गोणपाट ठोकले.

तिसऱ्या दिवशी पहाटे सातवीतली एक मुलगी आत गेली आणि बाहेर येईना. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना पाण्याचा आवाज येत होता, पण हाक मारली तर उत्तर नव्हते. मावशींनी दार लाथेने उघडले, कडी तुटली. मुलगी फरशीवर निपचित पडली होती. गाल गुलाबी दिसत होते, जणू झोपली आहे. तिच्या आधी अंघोळ करून आलेली मुलगी पडवीत बसून ओकत होती. मावशींनी आतलीला ओढून अंगणात आणले. आम्ही दोघींना जीपमध्ये घातले आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेले.

तिथे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ आकडा आला. मला हायसे वाटले. पण ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "अंघोळीला पाणी कशावर तापवता?" मी म्हटले, "गॅस गिझर." त्यांनी आकड्याकडे पुन्हा पाहिलेसुद्धा नाही. लगेच दोघींना मास्कने ऑक्सिजन सुरू केला. प्रभूच्या कृपेने आणि त्या डॉक्टरांच्या शहाणपणाने दोघी संध्याकाळपर्यंत बोलू लागल्या.

दोन दिवसांनी एका मुलीची आजी पाड्यावरून चालत आली. नात सुखरूप आहे हे पाहून झाल्यावर म्हणाली, मला ती चूल दाखवा. मी तिला न्हाणीघरात नेले. तिने गिझर खालून पाहिला, वरून पाहिला, मग छताकडे पाहिले. पावरीत तिने जे विचारले त्याचा अर्थ असा: "बाई, ह्या चुलीचा धूर कुठे जातो?"

मी म्हटले, "आजी, ह्याला धूर नसतो."

"आग आहे ना? मग धूर असणारच."

मला उत्तर देता आले नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे शिकले, ते पुढे सांगते.

झोपडी, बंब आणि गिझर

आजीच्या घरात चूल दिवसभर पेटलेली असते. त्या धुराने डोळे आणि फुफ्फुसे खराब होतात, आणि त्यासाठी आपण पाड्यांवर निर्धूर चुली बसवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या घराच्या भिंती कुडाच्या आणि छप्पर कौलांचे. कौलांच्या फटींतून धूर वर जातो, कुडातून हवा आत येते. धूर जास्त झाला की डोळ्यांना पाणी येते आणि माणूस उठून बाहेर जातो. म्हणजे घर श्वास घेते आणि धूर स्वतःच इशारा देतो.

आपल्या जुन्या बंबाची रचना आठवा. तळाशी जाळी, मधोमध उभी नळी, नळीभोवती पाणी. जाळीवर विस्तव पेटला की धूर त्या नळीतून वर जातो आणि जाता जाता भोवतीच्या पाण्याला उष्णता देतो. ही मधली नळी म्हणजेच धुराडे. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. धूर बाहेर आणि हवा आत, अशी दोन्ही कामे ती एकच नळी करते. शिवाय बंब बहुधा परसात किंवा पडवीत असे.

गॅस गिझरही आतून पुष्कळसा बंबासारखाच आहे. खाली बर्नर, वर तांब्याच्या पातळ पत्र्यांची जाळी, तिच्यातून फिरणारी पाण्याची नळी. ज्वाळेची बहुतेक उष्णता हे तांब्याचे पत्रे शोषून घेतात. उरलेले गरम वायू वरच्या भोकातून बाहेर पडतात. त्या भोकावर धुराडे बसवलेले असेल तर ते वायू घराबाहेर जातात. नसेल तर ते न्हाणीघरातच राहतात. आमच्या दोन्ही गिझरना धुराडे नव्हते.

एका बादलीचा हिशेब

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तो तुम्हीही करून पाहा.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा साधा गिझर हिवाळ्यात पाण्याचे तापमान साधारण २५ अंशांनी वाढवतो. त्यासाठी त्याला मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस लागतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पूर्ण पेटवावेत एवढी ही आग असते. १८ लिटरची बादली तीन मिनिटांत भरते आणि तेवढ्यात जवळजवळ ५० ग्रॅम गॅस जळतो.

आता हवेचे पाहू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे एका बादलीमागे ६०० लिटर हवा. आमचे न्हाणीघर चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच आहे. त्यात सुमारे ५,४०० लिटर हवा मावते. दार बंद आणि झरोक्यावर गोणपाट असताना पाच मुलींनी ओळीने एकेक बादली पाणी घेतले, तर निम्म्याहून अधिक हवेतला प्राणवायू गिझरनेच खाल्ला असता.

पण तिथवर गोष्ट पोचतच नाही. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो दोन-चार टक्क्यांनी जरी उतरला तरी ज्वाळा नीट जळेनाशी होते. गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. दर मुलीनंतर दार क्षणभर उघडे, थोडी हवा आत येई. म्हणून महिनाभर डोकेदुखीवर भागले. झरोका बंद केल्यावर तेही संपले.

न दिसणारा धूर

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकलाही येत नाही. लाकडाचा धूर माणसाला हाकलून लावतो. हा वायू माणसाला तिथेच बसवून ठेवतो. पाड्यावरच्या मुलीला आगीची उत्तम समज असते, पण ती समज धूर पाहून आलेली. न दिसणाऱ्या धुरापुढे तिचा इलाज चालला नाही, आणि माझे नर्सिंगचे शिक्षणही कामी आले नाही.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग रक्त फिरते, पण प्राणवायू पोचवत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. मग हातापायांतले बळ जाते. दाराची कडी समोर दिसते, पण हात उचलत नाही. त्यानंतर शुद्ध हरपते.

साधा ऑक्सिमीटर इथे फसतो, कारण त्याला प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी विश्वास ठेवू नका. गॅस, शेगडी, जनरेटर यांपैकी काही घरात चालू होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम तासा-दीड तासात होते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि पोटातले बाळ, हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका अधिक. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावरही काही आठवडे विसरभोळेपणा, चिडचिड किंवा चालण्यात फरक दिसतो का, याकडे लक्ष द्यावे लागते. आमच्या दोघींवर आम्ही पुढचे दीड महिना असेच लक्ष ठेवले होते.

धुराडे कसे असावे

त्या दिवशी आम्ही दोन्ही गिझर बंद केले आणि तो हिवाळा पुन्हा बंबावर काढला. पुढच्या वर्षी जाणत्या मेकॅनिककडून दोन्ही गिझर नव्याने बसवून घेतले. ते न्हाणीघरातून काढून बाहेरच्या उघड्या पडवीच्या भिंतीवर लावले. तिथून गरम पाण्याची नळी भिंतीतून आत घेतली आणि वर धुराडे चढवले. मेकॅनिककडून शिकलेल्या गोष्टी अशा:

गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असणे हेच सर्वांत उत्तम. बाल्कनी, पडवी किंवा बाहेरची भिंत चालते. पावसापासून आडोसा द्यावा, पण त्याला चारी बाजूंनी कपाटात कोंडू नये.

धुराडे धातूचेच हवे. पाण्याचा प्लास्टिकचा पाइप वापरू नये, तो उष्णतेने मऊ पडतो आणि सांधे सुटतात. गिझरवरून धुराडे आधी सरळ वर जावे. लांबच लांब आडवे नेले तर आतली हवा थंड होते आणि ओढ मरते. वाकणे जितकी कमी तितके चांगले.

धुराड्याचे तोंड मोकळ्या आकाशात उघडावे. शेजारच्या खिडकीत, जिन्यात किंवा दोन इमारतींमधल्या अरुंद डक्टमध्ये ते सोडले तर आपला वायू दुसऱ्याच्या घरात जाईल. तोंडावर टोपी असावी, म्हणजे पाऊस आणि उलटा वारा आत शिरत नाही. पावसाळ्यानंतर त्यात चिमणीचे घरटे किंवा गांधीलमाशीचे पोळे नाही ना, ते पाहावे. आमच्या एका धुराड्यात गेल्या ऑक्टोबरमध्ये मूठभर गवत निघाले.

ज्यांना गिझर आतच ठेवणे भाग आहे, त्यांनी पंख्याने वायू बाहेर ढकलणारा किंवा बाहेरचीच हवा घेऊन बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकार घ्यावा आणि कंपनीच्या माणसाकडूनच बसवावा. दाराच्या खाली आणि भिंतीत वर कायम उघडी राहणारी जाळी हवी. थंडी कितीही पडो, तिच्यावर गोणपाट ठोकू नका.

एक गोष्ट मला नवीन होती. साधे धुराडे असलेल्या गिझरच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन लावला की सगळे सुरक्षित झाले, असे आपण मानतो. पण खोली बंद असेल तर तो पंखा धुराड्यातूनच हवा खाली ओढू शकतो आणि वर जाणारा वायू उलटा खोलीत येतो. हे तपासायची सोपी रीत आहे. गॅसचा वास नाही याची आधी खात्री करा. मग दार-खिडक्या आणि पंखा रोजच्यासारखे ठेवून गिझर दोन-तीन मिनिटे चालवा आणि डासांची पेटलेली कॉइल धुराड्याच्या खालच्या तोंडाशी धरा. कॉइलचा धूर आत ओढला गेला तर ठीक. तो तुमच्या तोंडाकडे परतला तर गिझर तिथल्या तिथे बंद करून मेकॅनिकला बोलवा.

रोजच्या वापरात

आमच्या न्हाणीघराच्या दारावर मुलींनीच मोठ्या अक्षरांत नियम लिहून लावले आहेत. ते घरोघरी चालतील.

आधी बादली भरायची, मग गिझर बंद करायचा, त्यानंतर दार लावून अंघोळ करायची. गिझर चालू असताना आतून कडी लावायची नाही. आतल्या मुलीशी बाहेरच्या मुलीने मधूनमधून बोलायचे. आमच्या कड्याही आता बाहेरून उघडता येतील अशा आहेत.

ज्वाळा निळी हवी. ती पिवळी, लालसर किंवा थरथरती दिसली, गिझरवर काजळी धरली किंवा पेटताना 'फट्' असा मोठा आवाज झाला, तर वापर थांबवायचा. मात्र ज्वाळा निळी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, धुराडे आणि हवा यांना पर्याय नाही.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, गिझर उघडून साफ करून घ्यावा. तांब्याच्या पत्र्यांवर काजळी बसली की उष्णता पाण्यात कमी जाते आणि गॅस जास्त लागतो. तीच काजळी वायूंची वाटही अडवते. म्हणजे सुरक्षितता आणि काटकसर यांचे काम एकच आहे. काहींना वाटते, धुराड्यातून उष्णता वाया जाते. ती थोडीच जाते, आणि तीच वायूंना वर ढकलते. नीट बसवलेल्या, स्वच्छ गिझरवर १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये वरच्या हिशेबाने पावणेतीनशेच्या वर बादल्या निघतात. गिझरपासून नळापर्यंतची नळी आखूड ठेवली, कढत पाणी काढून त्यात थंड ओतण्यापेक्षा हवे तेवढेच तापवले आणि उन्हाळ्यात ज्वाळा कमी केली, तर आणखी वाचतो.

सिलिंडर उभा, मोकळ्या हवेत आणि न्हाणीघराबाहेर ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तळघरात किंवा खड्ड्यात तो नको. रबरी नळी आयएसआय चिन्हाचीच घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावे, काडी पेटवून कधीही पाहू नये. सिलिंडर घेताना मानेजवळच्या पट्टीवरचे अक्षर आणि वर्ष वाचावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तारीख उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नये. रात्री रेग्युलेटर बंद करावा.

कार्बन मोनॉक्साइड ओळखून मोठ्याने वाजणारे छोटे यंत्र आता मिळते. आम्ही झोपायच्या खोलीत एक लावले आहे आणि दर महिन्याला बटण दाबून तपासतो. ते धुराड्याची जागा घेत नाही, पण धुराडे चुकले तर जागे करते.

वास आला तर आणि चक्कर आली तर

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नका.

गॅसचा वास आला तर तो न जळलेला गॅस गळतो आहे. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका, काडी पेटवू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर न्या आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा.

वास नाही, पण गिझर किंवा शेगडी चालू असताना डोके दुखते, चक्कर येते, घरातल्या दोघा-तिघांना एकदमच बरे वाटत नाही, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते, तर तो कार्बन मोनॉक्साइड समजा. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. आत पडलेल्याला काढायला जाताना श्वास रोखून जा आणि लगेच बाहेर या, नाही तर एकाचे दोन होतात. श्वास चालू नसेल तर कृत्रिम श्वास द्या. १०८ ला फोन करा. बरे वाटले म्हणून घरीच थांबू नका.

शेगडीचे तेच आणि परदेशातही तेच

गिझर नसलेल्या घरातही हा धोका आहे. थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी घेऊन झोपणे फार घातक. बाळंतिणीला आणि बाळाला शेक-शेगडी देण्याची आपली रीत आहे. तीही बंद खोलीत करू नये. लाल निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, म्हणूनच फसायला होते. आमच्या आरोग्यसेविका आता पाड्यावर बाळंतिणीला भेटतात तेव्हा हे पहिल्याच भेटीत सांगतात.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या दिवाणखान्यात खोली ऊबदार ठेवणारी गॅसची शेगडी भिंतीत बसवलेली असते. तिचे धुराडे जुन्या चिमणीतून वर जाते. तिथेही नियम हेच आहेत. धुराडे मोकळे आहे का ते पाहायचे, हवेची जाळी झाकायची नाही आणि वर्षाला तपासणी करायची. घर भाड्याने देणाऱ्या मालकाला तर दरवर्षी नोंदणीकृत कारागिराकडून गॅसची उपकरणे तपासून घेणे कायद्याने भागच आहे. आपल्याकडे असे कोणी विचारायला येत नाही, म्हणून आपण स्वतःच विचारायचे.

तुमच्याकडे एक मागणे

गिझर देणाऱ्या मंडळीला मी हे सगळे कळवले तेव्हा त्यांचे पाळक फार व्यथित झाले. मी त्यांना म्हटले, तुमची देणगी चुकली नाही, ती अर्धीच पोचली होती. राहिलेला अर्धा भाग त्यांनी पुढच्या वर्षी पाठवला: दोन धुराडी, नव्या नळ्या, मेकॅनिकचे भाडे आणि मजुरी. तेव्हापासून दर दिवाळीनंतर त्यांच्या तरुण संघातला एक भाऊ मेकॅनिकला घेऊन इथे येतो.

तुम्ही कुठल्याही संस्थेला गिझर, शेगडी, चूल, जनरेटर असे आग पेटणारे काही द्याल, तेव्हा त्यासोबत धुराडे, बसवणी आणि दरवर्षीच्या तपासणीचा खर्चही द्या. निर्धूर चुलीचेही असेच आहे. ओडिशात काही वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पण चुलींची देखभाल नीट न झाल्याने नंतर तो फायदा उरला नाही. चूल बसवतानाचा फोटो छान येतो. धुराडे झाडतानाचा फोटो कोणी काढत नाही, पण घरातल्यांचा श्वास त्याच्यावर अवलंबून असतो.

आणि आज हा अंक वाचून झाल्यावर उठून आपल्याच न्हाणीघरात जा. गिझरकडे खालून पाहा, वरून पाहा, मग छताकडे पाहा. आजीचा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर "बाहेर" असे नसेल, तर उद्या सकाळची अंघोळ तापेल्यात पाणी तापवून करा आणि मेकॅनिकला बोलवा.

त्या दोघींपैकी एक यंदा बारावीला आहे. दुसरी सुट्टीत पाड्यावर गेली की घरोघरी जाऊन निर्धूर चुलींची धुराडी वेताच्या काठीने झाडून देते. मागच्या महिन्यात तिची आजी पुन्हा आली होती. पडवीत जाऊन तिने गिझर पाहिला, पत्र्याच्या वर गेलेल्या नळीकडे बोट दाखवले आणि मान डोलावली.



आपली,
वसतिगृहाची परिचारिका